वर्षभर न वापरलेली खाट

सभेत मान हलवायची मला सवय आहे. नगरपालिकेत इतकी वर्षं कारकुनी करून मी दुसरं काही शिकलो नसेन, पण योग्य वेळी मान हलवायला शिकलो. समोरचा काय बोलतोय इकडे लक्ष असायची गरज नसते. त्याचा आवाज खाली आला, की आपली मान खाली आणायची, बस्स. त्या दिवशी जेवणानंतरच्या सभेत आमच्या मुख्याधिकारी बाई पर्यावरणावर बोलत होत्या, पंखा संथपणे फिरत होता, आणि मी अशीच एकदा मान हलवली.

"छान!" बाई म्हणाल्या. "कोणीतरी स्वतःहून पुढे आलं."

मी डोळे उघडले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"कशासाठी?" मी शेजारी बसलेल्या पाणीपुरवठ्याच्या कारकुनाला हळूच विचारलं.

"वस्तुघरासाठी," तो म्हणाला. "अभिनंदन हं!" (काम दुसऱ्याच्या गळ्यात पडल्यावर माणूस किती मनापासून अभिनंदन करतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.)

वस्तुघर म्हणजे काय, हे मला सभेनंतर बाईंच्या खोलीत समजलं. आणि खरं सांगतो, समजल्यावर मला ती कल्पना आवडली. बाईंचं म्हणणं साधं होतं. आपण गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग बघून नाक दाबतो, पण तो ढीग येतो कुठून? घराघरातून. भिंतीला भोक पाडायचं ड्रिल मशीन प्रत्येकाच्या माळ्यावर आहे. ते सगळ्या आयुष्यात तासभरसुद्धा चालत नाही. शिडी तशीच, मोठी पातेली तशीच, प्रवासाच्या बॅगा तशाच. आपण त्या विकत घेतो, सांभाळतो, त्यांच्यावरची धूळ पुसतो आणि एक दिवस त्याच ढिगावर नेऊन टाकतो. त्यापेक्षा नगरपालिकेने एक जागा द्यावी. ज्याच्याकडे पडून आहे त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं आणि परत आणून द्यावं. नवीन घेणं कमी, टाकणं कमी.

"कचरा उचलणं हे आपलं काम आहेच," बाई म्हणाल्या, "पण कचरा होऊच न देणं, हे जास्त मोठं काम आहे. पटतंय का?"

मी मान हलवली. या वेळी जागेपणी.

पाण्याच्या टाकीखालचा रिकामा हॉल मिळाला. नियम मी तयार केले. नियम करणं हा माझा आवडता उद्योग आहे (घरात माझे नियम कोणी पाळत नाही, म्हणून ऑफिसात हौस भागवून घेतो). पहिला नियम: घरातली जी वस्तू वर्षभरात एकदाही वापरली गेली नाही, ती वस्तुघरात ठेवावी. दुसरा: एकदा कोणी वस्तू नेली, की नेताना ठरलेली मुदत संपेपर्यंत ती मूळ मालकालासुद्धा मागता येणार नाही. तिसरा: ज्या वस्तूबद्दल तक्रार येईल, ती मूळ मालकाने स्वतः येऊन परत न्यावी. दुसऱ्या नियमावर तर मी इतका खूश होतो, की तो शिपायाला दोनदा वाचून दाखवला. लोक काय, आज देतील आणि उद्या मागायला येतील. कुठेतरी शिस्त नको?

हॉलची व्यवस्था बघायला निवृत्त ग्रंथपाल बाई आल्या. त्यांनी जन्मभर पुस्तकं दिली-घेतली होती, त्यामुळे शिडी देतानाही त्या "कोपरे दुमडू नका" असं म्हणायच्या. पहिल्या दिवशी न्यायला गर्दी झाली. ठेवायला कोणी आलं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. एक गृहस्थ काटे नसलेलं घड्याळ ठेवून पळून गेले. दुपारी करवसुलीचे साहेब आले आणि टेप घेऊन हॉल मोजायला लागले.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"काही नाही, सहज. तुमचं हे बंद पडलं की आमची कपाटं बसतील का, बघतोय."

मुख्याधिकारी बाईंच्या कानावर हे गेलं. त्या म्हणाल्या, "लोकांना सांगण्याआधी आपण आपल्या घरापासून सुरुवात करायला हवी," आणि माझ्याकडे बघितलं. माझी मान काय, आपोआप हलली.

बायको तेव्हा दोन दिवसांसाठी तिच्या बहिणीकडे गेली होती. ती घरात असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मी ऑफिसातून आलो ते थेट तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात घरात शिरलो. शिडी? वर्षभरात वापरली नाही. चला. ड्रिल? मागे एकदा चालवलं होतं, तेव्हा शेजाऱ्यांच्या बाजूने भोक दिसलं होतं. चला, चला. मोठं पातेलं, चाकाची बॅग, जादा इस्त्री, सगळं दाराशी आणून ठेवलं. माझी व्यायामाची सायकल होती, पण ती मात्र नियमात बसत नव्हती, कारण तिच्यावर रोज टॉवेल वाळतात. वापर तो वापर.

मग बेडरूमच्या दारामागे लक्ष गेलं. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली घडीची खाट होती.

ती आमच्या लेकीची, छोटीची. (आता ती माझ्यापेक्षा उंच आहे, पण नाव राहिलंच.) छोटी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. घरातली तिची खोली आम्ही कधीच मोडली, तिथे आता माझं टेबल आहे. ती आली की खाट उघडायची, गेली की बंद करायची. शेवटची कधी उघडली होती, ते मी आठवायला लागलो. गेल्या उन्हाळ्यात? नाही, तेव्हा तिला रजा मिळाली नव्हती. त्याच्या आधी? तेव्हा येते म्हणाली आणि आलीच नाही. म्हणजे त्याच्याही आधी.

नियम म्हणजे नियम. मी खाट उचलली.

वस्तुघराचं नशीब त्या दिवसापासून फिरलं. नगरपालिकेचा माणूसच स्वतःच्या घरातलं देतोय म्हटल्यावर लोक आणायला लागले. हॉल भरला. करवसुलीवाले टेप गुंडाळून गेले. आणि माझी खाट तर आली त्याच दिवशी गेली. मागच्या गल्लीतल्या संगीत मास्तरांनी नेली. त्यांच्या बायकोचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं, आणि मास्तर तिच्याजवळ खुर्चीत बसून झोपायचे. आपल्या वस्तूचं सोनं झालं, असं मला वाटलं, आणि मी अगदी छाती पुढे काढून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बायको परत आली. चेहरा नुसता फुलला होता. चपला काढता काढताच म्हणाली, "अहो, ऐकलंत का? छोटी येतेय शनिवारी! ताईकडून फोन लावला, ताई आणि मी मिळून तिला इतकं बोललो, की हो म्हणाली. थांबा, आधी खाट पुसून उन्हात ठेवते."

"अगं, चहा तरी घे आधी," मी म्हणालो. माझ्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे.

ती बेडरूमकडे गेली. दार ढकललं, आणि ते धाडकन भिंतीला आपटलं. आमच्या घरात ते दार कधीच पूर्ण उघडलं नव्हतं. मागे खाट असल्यामुळे ते अर्ध्यावर थांबायचं आणि आम्ही सगळे अंग तिरकं करून आत जायचो. बायको उंबऱ्यात उभीच राहिली.

"दार पूर्ण कसं उघडलं?"

मी सांगितलं. वस्तुघर, पर्यावरण, कचऱ्याचा ढीग, करवसुलीची कपाटं, सगळं एका दमात सांगितलं. आणि शेवटी, अक्कल गहाण ठेवलेल्या माणसासारखं, म्हणालो, "नियमच तसा आहे गं. वर्षभरात वापरली नव्हती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "वर्षभरात वापरली नव्हती हे कळायला मला नियम लागत नाही."

"ती खाट दारामागे असली, की मला वाटायचं ती कधीही येईल," ती म्हणाली. "आता आली आणि विचारलं, आई माझी खाट कुठे, तर काय सांगू? तुझ्या बाबांनी वाटून टाकली?"

"परत आणतो," मी म्हणालो. "आत्ता आणतो."

ग्रंथपाल बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मुदत संपलेली नाही."

"मला माहिती आहे. पण खाट माझी आहे."

"मूळ मालकालासुद्धा मागता येणार नाही."

"असं कोण म्हणतं?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या. (मी शिपायालाही विचारून पाहिलं. त्याला तर नियम पाठच होता.)

मग मी मास्तरांकडे गेलो. नियमात मागता येत नाही, पण माणुसकीच्या नात्याने नुसतं सुचवता येतंच की! मास्तरांचं घर एका खोलीचं. खिडकीशी पलंगावर त्यांची बायको पडलेली, आणि तिच्या पलंगाला अगदी लागून माझी खाट. मास्तरांना मला बघून इतका आनंद झाला, की मला दारातूनच पळून जावंसं वाटलं.

"या, या! अहो, तुमचे उपकार कसे फेडू? खुर्चीत झोपून मान गेली होती माझी."

"झोप लागते ना नीट?" मी विचारलं.

"उत्तम!" मास्तर म्हणाले. मात्र हे बोलताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला होता, आणि वाकून चहाचा कप देताना ते मध्येच थांबले. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

त्यांची बायको पलंगावरून म्हणाली, "रात्री हात लांब केला तरी हे सापडतात. तेवढ्यानेच धीर येतो बघा."

यानंतर खाट परत मागायला जे काळीज लागतं, ते माझ्याजवळ नाही. मी दोन कप चहा प्यायलो, खाटेचे सैल झालेले स्क्रू घट्ट करून दिले आणि निघालो.

रिकाम्या हाताने घरी जायची हिंमत नव्हती. म्हणून वस्तुघरातून हवा भरायची गादी घेतली. ग्रंथपाल बाईंनी "पंप आलेला नाही" असं बजावलं होतं, पण मी म्हटलं, फुंकून भरू. शुक्रवारची सगळी संध्याकाळ मी ती गादी फुंकत बसलो होतो. माझे गाल दुखायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि गादी टम्म फुगली. मी विजयी मुद्रेने तिच्यावर बसलो. तिने एक लांब सुस्कारा सोडला आणि मला हळूहळू जमिनीवर उतरवलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अजून काय आहे तुमच्या त्या वस्तुघरात?" तिने विचारलं.

"तंबू आहे."

ती गादीची घडी घालायला लागली.

शनिवारी छोटी आली. तिची बॅग लहानशीच होती, नेहमीसारखी, एका रात्रीपुरती. ती नेहमी एक रात्र राहते आणि सकाळी काम निघतं. आम्हाला त्याची सवय झाली होती. म्हणजे सवय झाल्यासारखं आम्ही दोघं वागत होतो. जेवणं झाली. झोपायची वेळ जवळ आली तशी बायको स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करायला लागली. शेवटी छोटी उठून बेडरूमकडे गेली, दार ढकललं आणि ते धाडकन भिंतीला आपटलं.

"आई, खाट कुठंय?"

आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हणालो, "छोटे, माझी चूक आहे. तुझ्या आईला काही बोलू नकोस. खाट मी देऊन टाकली."

"देऊन टाकली? कायमची?"

"मुदतीपर्यंत. मी तुला नवीन..."

"बाबा!" ती ओरडली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "अहो, फार बरं केलंत!"

मी बायकोकडे बघितलं. बायको हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती.

"म्हणजे?" ती म्हणाली.

छोटी जरा घुटमळली. "आई, रागावू नकोस. त्या खाटेचा मधला दांडा पाठीत घुसतो. एक रात्र झोपलं तर आठवडाभर पाठ धरते. म्हणून मी... म्हणजे कामही असायचं, नाही असं नाही... पण दुसरी रात्र म्हटलं की अंगावर काटा यायचा."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू इतक्या हौसेने उघडायचीस ती. चादर घालायचीस, उशी झटकायचीस. कसं सांगणार?"

बायको खाली बसली. हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. "आणि मी रोज अंग तिरकं करून त्या दारातून आत जायचे. गुडघ्याला किती वेळा लागली ती मेली खाट! पण म्हटलं, काढली तर तुला वाटेल, आईने माझी जागाच काढून टाकली."

मी हे ऐकत होतो आणि माझ्या मनात आलं, घरात वस्तू पडून राहतात त्या काही आळसाने नाही. आपण त्या एकमेकांसाठी जपत असतो, आणि दुसऱ्याला त्या हव्यात का, हे विचारायचं राहून जातं. विचारायला भीती वाटते. नको म्हणाला तर? मुख्याधिकारी बाईंच्या योजनेत ही अडचण कुठेच धरलेली नव्हती. माळ्यावरून शिडी खाली काढणं त्या मानाने सोपं असतं. मी हे सगळं त्या दोघींना नीट समजावून सांगणार होतो. सुरुवातही केली, "पर्यावरणाच्या दृष्टीने बघितलं तर..." पण तोपर्यंत दोघी बेडरूममध्ये गेल्या होत्या आणि छोटी माझ्या जागेवर आडवी झाली होती.

ती आणि तिची आई कितीतरी वेळ बोलत होत्या. मी बाहेर सोफ्यावर होतो. आमचा सोफा माझ्या गुडघ्यांपाशी संपतो. पण आतून हसण्याचा आवाज येत होता, आणि इतक्या दिवसांत तो घरात ऐकला नव्हता. मला फार बरं वाटलं. सकाळी छोटीचं काही काम निघालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ती पुढच्या शनिवारीच गेली, आणि जाताना म्हणाली, "आता दर महिन्याला येत जाईन."

"जागा आहेच की," बायको म्हणाली. जागा कोणाची, ते तिने सांगितलं नाही.

पुढे काही दिवसांनी मास्तरांची बायको काठी घेऊन चालायला लागली. ते ऐकून मला मनापासून आनंद झाला. त्याच संध्याकाळी ग्रंथपाल बाईंचा निरोप आला, की हॉलवर येऊन जा. मी गेलो. भिंतीला टेकून माझी खाट उभी होती.

"मास्तरांनी परत आणली," बाई म्हणाल्या. "तुमचे फार आभार मानले. म्हणाले, खाट उत्तम आहे, फक्त झोपता येत नाही."

"असं म्हणाले?"

"आढेवेढे घेत म्हणाले. पण तक्रार ती तक्रार. तिसरा नियम."

"मूळ मालकाने स्वतः येऊन..."

"परत न्यावी," त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "आणि जपून न्या. कोपरे दुमडू नका."

मी खाट डोक्यावर घेऊन भर रस्त्याने घरी आलो. वाटेत करवसुलीचे साहेब भेटले. त्यांनी आस्थेने विचारलं, "बंद पडलं का वस्तुघर?" मी खाट सावरत पुढे निघालो. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "ही भंगारात देऊ या. कोणाला नको आहे."

"भंगारात? आणि तो कचऱ्याचा ढीग?" ती म्हणाली. "तुम्हीच असं बोलायला लागलात तर लोकांनी कोणाकडे बघायचं?" मग तिने खाट पुसली, उन्हात ठेवली आणि तिच्यावर हौसेने चादर घातली. उशीही झटकली.

छोटी आता दर महिन्याला येते आणि चांगली आठवडाभर राहते. वस्तुघर जोरात चाललंय, दुसरं उघडायचं ठरतंय. परवाच्या सभेत मुख्याधिकारी बाईंनी माझं कौतुक केलं, तेव्हा मला मान हलवता आली नाही, कारण ती अवघडली होती. ती खाट कोणाला तरी देऊन टाकावी असं फार वाटतं. पण देता येत नाही. ती आता वापरात आहे.